दारावरचं तावदान

बुर्गास, ८ ऑगस्ट १९९४

भावजी,

फोन केला असता, पण आपल्या गावातला एकुलता एक फोन पोस्टात, आणि पोस्टात त्सोन्का. मी 'हॅलो' म्हणायच्या आत क्रुशोवदोलभर वर्दी जाते की दोन्काचा फोन आलाय. म्हणून पत्र. ती पाकिटं उजेडाला धरून बघते म्हणे. बघू दे, माझं अक्षर तिला लागायचं नाही.

कामाचं आधी सांगते. घराला गिऱ्हाईक मिळालंय. स्तारा झागोराचे दातांचे डॉक्टर आहेत. नवरा-बायकोला सुटीत राहायला गावाकडे घर हवंय. शनिवारी, २७ तारखेला बघायला येतील. तुमचे भाऊ गेल्यापासून तीन वर्षं घर बंद आहे आणि किल्ली तुमच्याकडेच आहे. तेव्हा एकदा उघडून झाडून घ्या आणि मुख्य म्हणजे दारावरचं तावदान बसवा. एप्रिलच्या गारपिटीत ते फुटल्याचं तुम्हीच कळवलं होतंत. मग चार महिने तसंच कसं राहिलं? अख्ख्या गावाच्या खिडक्या करणारा सुतार घरात, आणि वहिनीच्या दारावर भोक! तिथून भिंगऱ्या आत-बाहेर करतात असं त्सोन्काच्या बहिणीनं मला इथं बाजारात गाठून सांगितलं. घरटं असेल तर काढून टाका. लोक घर बघायला येणार आहेत, गोठा नव्हे.

मी मजेत आहे. गाल्या आणि जावई कामावर जातात, मी घर बघते. पाचवा मजला, बाल्कनीतून समुद्र दिसतो. भिंगऱ्या इथंही आहेत बरं का. वरच्यांच्या बाल्कनीच्या तळाला घरटं आहे. दोन एप्रिलला पहिली दिसली, तेव्हाच मी मनगटावरचा मार्तेनित्साचा लाल-पांढरा धागा सोडला. एक मार्चला बांधायचा आणि भिंगरी दिसली की सोडून झाडाला बांधायचा, हे मी शहरातही पाळते. पण पाचव्या मजल्यावर झाड कुठून आणू? बाल्कनीच्या गजाला बांधला.

मिरच्या भाजायला घेतल्यात का गावात? वास आठवतो.

दोन्का


क्रुशोवदोल, ११ ऑगस्ट १९९४

वहिनी,

पत्र काल दुपारी सव्वाबाराला मिळालं.

तावदान २७ तारखेच्या आत बसवता येणार नाही. कारण हलगर्जीपणा नव्हे. पुढच्या खोलीत, पेन्कोचा कोट जिथं टांगलेला असे त्या खुंटीच्या बरोबर वर, तुळईला भिंगरीचं घरटं आहे. (कोट मी मे महिन्यातच काढून, झटकून कपाटात ठेवला. त्यावर एकही डाग पडलेला नाही.) पहिल्या विणीची पाच पिलं जूनमध्ये उडाली. आता दुसरी वीण आहे. पहिलं अंडं ३१ जुलैला, मग रोज सकाळी एक, ३ ऑगस्टला चौथं. मी आरसा काठीला बांधून बघतो, हात लावत नाही. चौदा-पंधरा दिवस उबवण, म्हणजे १७ किंवा १८ ला पिलं बाहेर. तिथून वीस-एकवीस दिवसांनी, ७ सप्टेंबरच्या आसपास, उडतील. उडाल्यावरही तीन-चार दिवस ती झोपायला घरट्यात परत येतात. तेव्हा ११ सप्टेंबर. १२ ला सकाळी मी तावदान पुट्टीसकट बसवून देतो. डॉक्टरांना १२ नंतर बोलवा. तीन वर्षं रिकामं राहिलेलं घर सोळा दिवसांनी काही पळून जात नाही.

हे मला कुठल्या शाळेत कोणी शिकवलेलं नाही. माझं शिक्षण आठवीपर्यंत. पण एकोणीस वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत. १९८७ साली सोफियाच्या पक्षीशास्त्रज्ञांना चौदा पानं लिहून पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं: 'आपली निरीक्षणं उपयुक्त आहेत. धन्यवाद.' ते तुम्ही माझ्या भिंतीवर पाहिलं आहे. चौकट मीच केली.

आता एक दुरुस्ती. तुमच्या बाल्कनीवर आहे ती शहरी भिंगरी असावी. बघून घ्या, शेपटीच्या वर, पाठीवर पांढरा पट्टा आहे का? घरटं सगळीकडून बंद आणि वर एक छोटं भोक, असं आहे का? असेल तर शहरीच. ती घराच्या बाहेर, वळचणीलाच राहते. गावची भिंगरी निराळी. तिचा गळा विटकरी, शेपटीला दोन लांब तारा, घरटं वाटीसारखं वरून उघडं. आणि मुख्य फरक हा की ती आत येते, माणसाच्या छपराखाली. आमची आजी धाग्यासाठी गावचीच धरायची, शहरी नाही. म्हणजे तुम्ही यंदा धागा चुकीच्या पक्ष्यावर सोडलात. कळवलेलं बरं.

मिरच्या परवा भाजल्या. एकट्यासाठी अकरा बाटल्या झाल्या.

स्तामेन


बुर्गास, १५ ऑगस्ट १९९४

भावजी,

मी तावदान बसवायला सांगितलं, तुम्ही रेल्वेचं वेळापत्रक पाठवलंत.

डॉक्टरांना २७ शिवाय जमत नाही. त्यांनी याम्बोलकडचं दुसरं घरही बघून ठेवलंय. हे गेले की पुन्हा कोण येणार त्या गावात? शाळा बंद, दवाखाना बंद, बस आठवड्यातून दोनदा. तुमच्या गल्लीत आता किती चुली पेटतात ते तरी मोजून वहीत लिहिता का?

तुमचा हा स्वभाव मी तीस वर्षं बघतेय. स्लिवेनला मुलगी बघायला नेलं होतं तुम्हाला. बिचारीनं स्वतः केलेली बनित्सा पुढं ठेवली, आणि तुम्ही तिच्या बापाला सांगितलंत की दाराची चौकट वरून बोटभर उजवीकडे झुकलीय. पेन्को घरी येईपर्यंत हसत होता. मी नाही हसले. मला त्या मुलीचं तोंड दिसत होतं.

आणि राग मानू नका, पण मनात येतं ते लिहिते. हे सगळं भिंगऱ्यांसाठीच आहे ना? की घर विकलंच जाऊ नये असं आहे? कुंपणाजवळच्या अक्रोडावर तुमचा डोळा पहिल्यापासून आहे. पेन्को असताना दोनदा विषय काढला होतात. घर कुणी घेतलं नाही तर ते हळूहळू तुमचंच होणार. मला पैसे लागतात म्हणून विकतेय, हौस म्हणून नव्हे. कशाला लागतात ते माझं मी बघेन.

घरटं काढा. तावदान बसवा. शुक्रवारच्या आत. एवढं एकच काम सांगतेय.

दोन्का

ता. क. पट्टा पांढराच आहे.


क्रुशोवदोल, १९ ऑगस्ट १९९४

श्रीमती दोन्का यांस,

अक्रोडाचा विषय मी दोनदा नव्हे, एकदाच काढला होता, १९८३ च्या ऑक्टोबरात. झाड मागितलं नव्हतं. त्याची फांदी माझ्या कौलांवर टेकत होती, ती छाटायची परवानगी मागितली होती. पेन्कोनं दिली. मी फांदी छाटली आणि लाकूड तुमच्या अंगणात रचून दिलं.

किल्ली पोस्टात त्सोन्काकडे ठेवली आहे. तावदान बसवायला तुम्ही दुसरा कोणीही माणूस सांगू शकता. घरटं मोडायलाही. दोन्ही माझ्या हातून होणार नाहीत.

यापुढे पक्ष्यांविषयी तुम्हाला काही लिहिणार नाही.

स्तामेन

ता. क. चारही अंड्यांतून पिलं निघाली. १७ तारखेला सकाळी तीन, १८ ला एक. शेवटचं लहान आहे, पण चोच उघडतं.


बुर्गास, २३ ऑगस्ट १९९४

भावजी,

'श्रीमती' कुणाला म्हणता? तुमच्या तापात पायाला व्हिनेगरच्या पट्ट्या मी बांधल्यात. किल्ली आजच्या आज परत घ्या. त्सोन्का तिथं दुकान थाटेल.

रविवारी इथं एक गोष्ट घडली. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहतात, त्यांच्या सतरंजीवर वरून घाण पडायची. त्यांनी कपडे वाळत घालायची काठी घेतली, बाल्कनीतून वाकून वर खुपसली आणि घरटं पाडलं. मी बघत होते. 'अहो बाई, थांबा, आत पिलं आहेत,' म्हणून ओरडले. त्या म्हणाल्या, 'आजी, सतरंजी तुम्ही धुता की मी?' एवढंच. काठी आत घेतली आणि दार लावलं.

मी लिफ्टची वाट न बघता पाच मजले उतरले. फरसबंदीवर तीन होती. एक गेलेलं होतं. दोन बुटांच्या खोक्यात घालून वर आणली. काय खायला घालायचं ते तुम्हाला विचारायला हवं होतं, पण रविवारी पोस्ट बंद. उकडलेल्या अंड्याचा बलक दिला. सोमवारी सकाळी एक, दुपारी दुसरं. आई-बाप आज सकाळपर्यंत त्याच जागी येऊन फडफडत होते. भिंतीला पंजे लावायचे, घरटं नव्हतं तिथं, तरी लावायचे.

गाल्या म्हणाली, 'आई, चिमणीएवढा पक्षी, त्यासाठी जेवायची नाहीस का तू?' मी म्हटलं, भूक नव्हती.

तावदान राहू दे. घरटंही राहू दे. डॉक्टरांना तुम्हीच घर दाखवा. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, फक्त स्लिवेनसारखा चौकटीचा विषय काढू नका.

अक्रोडाचं मी लिहायला नको होतं.

दोन्का


क्रुशोवदोल, २८ ऑगस्ट १९९४

वहिनी,

अंड्याचा बलक चालत नाही. माश्या लागतात, त्याही जिवंत, आणि दिवसातून तीनशे वेळा तरी. तुमच्या हातून दुसरं काही होऊ शकलं नसतं. हे मी समजूत घालायला लिहीत नाही, तसंच आहे.

किल्ली परत घेतली. मधल्या सहा दिवसांत त्सोन्का दोनदा घर उघडून बघून आली होती. घरट्यात 'निदान दहा' पिलं आहेत असं तिनं गावात सांगितलं आहे. चार आहेत.

कालचा वृत्तान्त. मी पहाटे पाचला जाऊन पुढची खोली धुतली, भिंतीला चुन्याचा हात दिला. घरट्याखाली वीतभर अंतरावर तीस बाय पंचवीसची फळी ठोकली, म्हणजे घाण खाली येणार नाही. डॉक्टर अकराला येणार होते, बारा वाजून दहा मिनिटांनी आले. सोबत पत्नी आणि सासूबाई. डॉक्टर गाडीतून उतरले ते थेट दारापाशी आले. पेन्को गेल्याच्या तिसऱ्या वर्षी दारावर चिकटवलेला, त्याच्या फोटोचा स्मृतिकागद तिथं होता. त्यांनी बोट दाखवून विचारलं, 'हे काढता येईल ना?' मी म्हटलं, 'घर तुमचं झालं की.' ते म्हणाले, 'नाही, आत्ताच विचारतोय, कारण माझी बायको असलं बघून घाबरते.' पत्नी म्हणाली, 'मी कुठं घाबरले? तुम्हीच घाबरता.' मग मी कागद काढला. फाटू न देता काढला. तो माझ्याकडे आहे.

आत शिरताच नर भिंगरी डॉक्टरांच्या कानाजवळून गेली. ते खाली बसले.

'हे काय आहे?'

'भिंगरी. गावची.'

'ते दिसतंय. घरात कशी?'

'दारावरून.'

'आजच्या आज काच लावा तिथं.'

'बारा सप्टेंबरला लावणार आहे.'

'का, मुहूर्त आहे का?'

त्यांना मी तारखा सांगितल्या. ते ऐकत नव्हते, घड्याळ बघत होते. सासूबाई मात्र घरट्याखाली उभ्या राहिल्या. ऐंशीच्या असतील. मान वर करून बराच वेळ बघत होत्या. मग मुलीला म्हणाल्या, 'आपल्याकडे चुलीच्या वर असायचं. तुला आठवत नाही, तू लहान होतीस.' आणि जावयाकडे न बघता मला म्हणाल्या, 'बाराला लावा तुम्ही.'

मी डॉक्टरांना चौकट दाखवली. तीन मीटरमध्ये एका मिलिमीटरचाही फरक नाही, सव्वीस वर्षांत हललेली नाही, हे ओळंबा लावून सिद्ध केलं. त्यांनी विचारलं, 'मग काच कशी गेली? चौकटीला ओरखडासुद्धा नाही.' मी सांगितलं.

घर त्यांना आवडलं आहे. विहिरीचं पाणी सासूबाईंना आवडलं. दोन पेले प्यायल्या.

गल्लीत पेटणाऱ्या चुलींबद्दल तुम्ही विचारलं होतंत. वहीत आहेत. तीन. त्यात माझी धरली आहे.

स्तामेन


बुर्गास, ४ सप्टेंबर १९९४

भावजी,

डॉक्टर गुरुवारी इथं येऊन गेले. घर घेताहेत. १४ तारखेला नोटरीकडे सह्या. इथंच बुर्गासला होईल, मला तिकडे यायची गरज नाही. सामानापैकी मला काही नको. पेन्कोचा कोट तुम्ही वापरा, तुमच्या अंगाला होईल.

जाताना डॉक्टर दारात हसले आणि म्हणाले, 'तुमच्या दिराला सगळं येतं, खोटं बोलता तेवढं येत नाही.' मी विचारलं, का हो? म्हणाले, 'गारांनी काच फुटली म्हणाले. मी वर बघितलं, त्यांनीही वर बघितलं, आणि मग आम्ही दोघांनीही विषय बदलला.'

भावजी, त्या दारावर पडवीचं छप्पर आहे. सव्वा मीटर पुढं आलेलं. ते पेन्कोनं आणि तुम्ही मिळून घातलंत, कौलं मी खालून दिली. गारा सोडा, त्या तावदानाला कधी पावसाचा थेंब लागलेला नाही. मी तेवीस वर्षं पुसलंय ते. तुमचं मे महिन्यातलं पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं. ज्या माणसाला अक्रोडाच्या फांदीचा महिना आठवतो, तो छप्पर विसरला! मी काही बोलले नाही. म्हटलं, कारण असेल, सांगेल कधीतरी. नाही सांगितलंत.

तेव्हा आता मीही सांगते. बाल्कनीतून समुद्र दिसत नाही. समोर दुसरी इमारत आहे, तिच्या बाल्कन्या आहेत, आणि प्रत्येक बाल्कनीत मिरच्या भाजायची विजेची भट्टी. मी स्वयंपाकघरात घडीच्या पलंगावर झोपते. सकाळी पाचला घडी घालावी लागते, नाहीतर जावयाला चहाचं भांडं घेता येत नाही. गाल्या आणि तो ऑक्टोबरात सायप्रसला जाताहेत, हॉटेलात काम मिळालंय. तिकिटांना आणि कागदपत्रांना पैसे लागतात, ते घराचे. हा फ्लॅट भाड्याचा, तो सोडणार. माझी सोय स्लिवेनला गाल्याच्या सासूकडे केलीय. खोली चांगली आहे म्हणतात. खिडकी आहे म्हणतात.

हे तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते माहीत नाही. बहुतेक खोलीचं माप विचारलं असतंत.

पिलं कशी आहेत?

दोन्का


क्रुशोवदोल, १३ सप्टेंबर १९९४

वहिनी,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनमध्ये तपशील बरोबर होते, पण पाठवण्यासारखी नव्हती.

पिलं ७ तारखेला नव्हे, ८ ला उडाली. एक दिवस चुकलो. धाकटं ९ ला. ८ च्या दुपारी तिघं तारेवर बसली होती आणि हे एकटं घरट्याच्या काठावर. आई तोंडात माशी धरून समोर फडफडायची आणि न देता परत जायची. असं सतरा वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-चाळीसला ते पडलं, म्हणजे पडल्यासारखं झालं आणि मध्येच उडालं. तावदानाच्या जागेतून बाहेर गेलं. ११ ला सगळी शेवटची झोपायला आली. १२ ला सकाळी पोस्टासमोरच्या तारांवर दोनशे चाळीस भिंगऱ्या होत्या. दहाच्या सुमाराला एकही नव्हती. त्सोन्का बाहेर येऊन म्हणाली, 'गेल्या वाटतं.' मी म्हटलं, 'हो.' मग आम्ही दोघं थोडा वेळ रिकाम्या तारांकडे बघत उभे राहिलो. ती माझ्याशी दुसरं काही बोलली नाही, यावरून ओळखा.

तावदान त्याच दिवशी बसवलं. जुनंच. ते फुटलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटामागे ठेवलं होतं.

आता कारण. भिंगऱ्या वर्षानुवर्षं पेन्कोच्या गोठ्यात येत. गेल्या हिवाळ्यात बर्फानं गोठ्याचं छप्पर बसलं. एप्रिलच्या अठराला जोडी आली. तीन दिवस त्या पडलेल्या गोठ्यावर फिरत राहिली. बसायची, उठायची, पुन्हा फिरायची. तिसऱ्या दिवशी मी पटाशी घेऊन आलो, पुट्टी खरवडली आणि तावदान काढलं. एवढं पक्ष्यांसाठी. हे सगळं खरं आहे, पण पुरतं नाही.

पुरतं असं की, पेन्को गेला, तुम्ही गेलात, त्यानंतर तीन हिवाळे मी त्या दारावरून रोज दोनदा जातो. भाकरीला जाताना आणि येताना. आतून कधी काही आवाज येत नाही. घर बंद असलं की येणार नाही, हे मला कळतं. तरी मी प्रत्येक वेळी थांबायचो. ३ मे ला थांबलो, तर आत आवाज होता. बारीक, बडबड केल्यासारखा. मी टोपी काढली आणि दाराबाहेर उभा राहिलो. किती वेळ ते वहीत लिहिलेलं नाही.

तुमची परवानगी घ्यायला हवी होती. घर तुमचं होतं. पण 'आत कुणीतरी असावं म्हणून काच काढतो' असं पत्रात लिहिता आलं नाही. गारा लिहिणं सोपं गेलं. छप्पर विसरलो नव्हतो. तुम्ही विसरला असाल असं वाटलं, ही माझी चूक.

काल दुपारी मी माझ्या स्वतःच्या दारावरचं तावदान काढलं. पुढच्या वर्षीसाठी. वेळ चुकीची आहे, थंडी आत येणार, हे मला माहीत आहे. हिवाळाभर तिथं पुठ्ठा लावीन आणि मार्चअखेर काढीन. मोठी जोडी माझ्याकडे येईल अशी आशा मी धरत नाही. ती जुन्याच जागी जाते, आणि डॉक्टरांनी काच ठेवली तर ती पुन्हा तीन दिवस फिरेल. पण पिलं पहिल्या वर्षी नवी जागा शोधतात, जन्मलेल्या जागेच्या जवळच. या वर्षी नऊ उडाली. परत येतो त्यांतला चौथा हिस्सा. म्हणजे दोन. फार तर तीन. माझं घर तुमच्या घरापासून सव्वीस मीटरवर आहे.

स्लिवेनच्या खोलीचं माप मी विचारत नाही. माझ्याकडे मागची खोली आहे. चार मीटर दहा बाय तीन साठ. खिडकी पूर्वेला. अक्रोड दिसतो. त्या खोलीत मी लाकूड ठेवतो, ते हलवता येईल.

पेन्कोचा कोट मला खांद्यात दोन सेंटिमीटर लहान होतो. तो तिथंच, त्या खोलीच्या खुंटीला लावला आहे.

स्तामेन


बुर्गास, १८ सप्टेंबर १९९४

भावजी,

सह्या झाल्या. डॉक्टरांच्या सासूबाई आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, पिलं उडाली का? मी म्हटलं, आठला, एक नऊला. त्या नोटरीसमोर माझा हात धरून बसल्या.

गाल्या तीन ऑक्टोबरला निघते. तिला स्टेशनवर सोडून मी स्लिवेनला जाईन. जावं लागेल, शब्द दिलाय आणि तिच्या सासूला गुडघ्याचं दुखणं आहे. हिवाळाभर तिथं राहीन. लाकूड हलवायची घाई करू नका, तुमची पाठ दुखते. पुठ्ठा नको, फळी ठोका. तुमच्या दारावर पडवी नाही, पुठ्ठा भिजेल. आणि एप्रिलमध्ये तिथली काच गारांनी फुटली असं लिहाल, तर ते मी खरं मानीन.

तुमचं एक पत्र मी पुन्हा वाचलं, शहरी आणि गावच्या भिंगरीचं. तुमच्या आजीच्या हिशेबानं मी यंदा भिंगरी पाहिलेलीच नाही. पाहिली ती पांढऱ्या पट्ट्याची. तेव्हा काल बाल्कनीच्या गजावरचा धागा सोडून आणला. उन्हानं लाल आणि पांढरा आता एकाच रंगाचे झालेत. एका हातानं मनगटावर गाठ बसेना, दातांनी ओढली. जावई बघतच राहिला. गाल्या म्हणाली, 'आई, सप्टेंबर चाललाय. लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, 'नियम आहे. तुझ्या काकांना विचार.'

आता तो हातातच राहणार. स्लिवेनची कसलीही भिंगरी मी धरणार नाही. एप्रिलच्या पहिल्या बसनं येईन, तुमच्या दारात बसून तिचा गळा विटकरी आहे की नाही ते बघेन, आणि मग धागा अक्रोडाला बांधेन. अक्रोड आता डॉक्टरांचा, पण तेवढं ते करू देतील.

तुमची दोन आली तर बरंच. नाहीच आली, तर धागा सुटेपर्यंत मला तिथून हलता येणार नाही.

दोन्का